मुलचेऱ्यात बर्फ पडत नाही म्हणून

“कायले पैसे घालवता जी? इकडे का बर्फ पडते?” लिक्विड-कूल्ड गाडीत कूलंट कोणता घालावा, असे मुलचेरा, लगाम, गोमणी या पट्ट्यात कुणालाही विचारा, पहिले उत्तर बहुधा हेच मिळेल. कूलंट म्हणजे अँटिफ्रीझ, अँटिफ्रीझ थंड मुलखासाठी, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. तेव्हा रेडिएटरमध्ये साधे पाणी घाला आणि तीनचारशे रुपये वाचवा. युक्तिवाद ऐकायला चोख आहे. त्यातले एकेक विधान बरेचसे खरेही आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा.

वादाला बसण्याआधी बहुसंख्य गाड्या बाजूला काढलेल्या बऱ्या. स्प्लेंडर, एचएफ डीलक्स, शाइन, प्लॅटिना या गाड्यांना रेडिएटरच नाही. त्यांचे इंजिन वाऱ्यावर थंड होते. पल्सर २२० ला समोर जो छोटा जाळीदार डबा दिसतो तो ऑइल कूलर, त्यात इंजिनचेच ऑइल फिरते. अशा गाडीच्या मालकाला कुणी कूलंटची बाटली विकली, तर त्या व्यवहारात गाडीचे भले कुठेच नाही. आपला वाद आहे तो यामाहाच्या आर१५ आणि एमटी-१५ चा, एनएस२०० आणि आरएस२०० चा, ड्यूक आणि डॉमिनारचा. आर१५ २००८ साली आली. चाकणच्या कारखान्यातून ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस बाहेर पडल्या त्या २०१२ साली. तेव्हापासून रेडिएटरवाली मोटरसायकल तालुक्याच्या गावापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. तिला काय पाजायचे, याचे ज्ञान मात्र अजून वाटेत आहे.

आता पाण्याची बाजू. ती जोरकस आहे आणि तशीच मांडली पाहिजे. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कुणी धरत नाही. अर्धे पाणी आणि अर्धे इथिलीन ग्लायकॉल असे जे कूलंट आपण विकत घेतो, ते तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी उष्णता उचलते. रेसिंगच्या गाड्यांत तर ग्लायकॉलला मनाईच असते, कारण ते ट्रॅकवर सांडले की मागून येणारा घसरून पडतो. तिथे पाणीच वापरतात आणि ती इंजिने आपल्या इंजिनांपेक्षा कितीतरी जास्त तापतात. शिवाय रेडिएटरची कॅप १.१ बारच्या आसपास दाब धरून ठेवते, त्यामुळे साधे पाणीसुद्धा आत १०० ऐवजी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. उणे ३७ अंशांपर्यंत न गोठण्याचा कूलंटचा गुण मुलचेऱ्यात फुकट जातो, हेही कबूल. पाणीपक्षाच्या मिस्त्रीला हे सगळे माहीत असते असे नाही, पण त्याची बाजू आपणच पुरी भरून दिलेली बरी.

मग बिघडते कुठे? पहिली गोष्ट, ग्लायकॉल फक्त बर्फासाठी आले हा समजच अर्धवट आहे. स्पिटफायर विमानाच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉल घालत. ते बर्फाच्या भीतीपेक्षा उकळण्याच्या भीतीने: द्रव जितका उशिरा उकळेल तितका तो जास्त गरम ठेवता येतो, आणि तितका रेडिएटर लहान चालतो. म्हणजे ज्या द्रवाला आपण थंडीचे औषध समजतो त्याला त्या इंजिनवाल्यांनी जवळ केले ते त्याच्या उष्णतेतल्या वागण्यासाठी. आपल्या गाडीतही १.१ च्या कॅपखाली अर्धे-अर्धे मिश्रण साधारण १२५ ते १३० अंशांपर्यंत दम धरते. पाण्यापेक्षा पाचदहा अंशांची ही ऐपत कागदावर किरकोळ दिसते. पण उकळणे सगळ्या पाण्यात एकदम सुरू होत नाही. ते सुरू होते सिलिंडर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला, जिथला धातू बाकी इंजिनपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. तिथे वाफेचा फुगा बसला की त्या जागी धातूला द्रव शिवतच नाही. मीटरवरचा काटा शांत असतो आणि हेड गॅसकेट भाजत असते. गाडी बंद केल्यावर तर पंप थांबतो, आतली साठलेली उष्णता पुढची काही मिनिटे त्याच जागच्या द्रवात उतरते, आणि त्या वेळी हे पाचदहा अंश कामाला येतात. कॅपचे रबर जुने होऊन दाब सुटायला लागला असेल, तर पाणीवाल्याचा तो १२० चा आधारही गेला.

तरीही उकळणे हे माझे मुख्य कारण नाही. मुख्य कारण खाणे आहे. धातू खाल्ला जाणे.

मोटरसायकलच्या या सगळ्या व्यवस्थेत ॲल्युमिनियमच ॲल्युमिनियम असते: हेड, ब्लॉक, रेडिएटरच्या कागदासारख्या पातळ नळ्या, बऱ्याचदा पंपाचे कव्हर. त्यात मध्येच लोखंडी बोल्ट आणि स्टीलची शाफ्ट. दोन वेगळे धातू, मध्ये क्षारयुक्त गरम पाणी, ही एक छोटी बॅटरीच झाली, आणि तिची किंमत ॲल्युमिनियम चुकवते. गडचिरोली-चंद्रपूरच्या बोअरच्या पाण्याबद्दल वेगळे सांगायला नको. या भागात फ्लोराइडच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि चुलीवरच्या भांड्याच्या तळाला पांढरे पुट चढते ते रोज दिसतेच. तेच पुट इंजिनच्या आत चढते. चुनखडीचा हा थर ॲल्युमिनियमच्या मानाने पन्नास-शंभर पट कमी उष्णता पुढे जाऊ देतो, म्हणजे कागदाएवढ्या थराने रेडिएटरच्या नळीला स्वेटर घातल्यासारखे होते. पाण्याची जी थोरवी आपण वर गायली, ती या थराच्या पलीकडेच अडकून पडते.

दोनेक वर्षे बोअरच्या पाण्यावर चाललेल्या गाडीचा पंप उघडताना पाहावा. आतला छोटा पंखा, म्हणजे इम्पेलर, कडांवरून कुरतडल्यासारखा. शाफ्टभोवती विटकरी चिखल. सीलच्या तोंडावर पांढरे खरखरीत कण. पंपाच्या खाली एक बारीक भोक असते. कंपनीने ते मुद्दाम ठेवलेले असते, आतले सील गेले की द्रव ऑइलमध्ये न शिरता तिथून बाहेर टिपकावा म्हणून. त्या भोकाखाली वाळलेल्या मिठासारखा ओघळ दिसला की पंपाचे दिवस भरले समजायचे. काही मिस्त्री ते भोकच एमसीलने बुजवतात. मग टिपकणे थांबते, गिऱ्हाईक खूश होते आणि काही दिवसांनी ऑइल दुधाळ चहासारखे बाहेर येते. रेसिंगवाल्यांचा दाखला देणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की त्यांचे इंजिन वारंवार खोलले जाते, पाणी सतत बदलले जाते आणि ते पाणी हातपंपाचे नसते.

म्हणजे कूलंट विकत घेताना आपण खरे तर त्यातली औषधे विकत घेतो: गंज रोखणारी, पंपाचे सील ओलसर-गुळगुळीत ठेवणारी, फेस न होऊ देणारी. ग्लायकॉल त्यांना सोबत म्हणून असते. आणि कूलंटाकूलंटांतला खरा फरक याच औषधांचा आहे, हे एकदा कळले की दुसऱ्या पक्षाचाही निकाल लागतो. हा दुसरा पक्ष रंगवाल्यांचा.

“अगोदर हिरवा होता, हिरवाच टाकला.” रंग हा त्यात घातलेला रंग आहे, बाकी काही नाही. कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यायचा याचा जगभर पाळला जाणारा नियम नाही. हिरव्या बाटलीत जुन्या पद्धतीचे सिलिकेटचे कूलंट असू शकते आणि नव्या पद्धतीचे सेंद्रिय आम्लांचेही. सिलिकेट वाईट नाही; ते ॲल्युमिनियमवर झटकन पापुद्रा धरते. पण ते लवकर संपते, आणि त्याचे कण पंपाच्या सीलला बारीक पॉलिशपेपरसारखे घासतात, म्हणून जपानी कंपन्या त्यापासून लांब राहिल्या आणि फॉस्फेटकडे गेल्या. युरोपातल्या कंपन्यांनी उलट फॉस्फेट टाळले, कारण तिथले पाणी जड. फॉस्फेट आणि जड पाणी एकत्र आले की त्यातला चुना खाली बसतो. हा वाद जपान आणि युरोपचा वाटतो, पण मुलचेऱ्याला तो थेट लागू आहे. जपानी पद्धतीचे उत्तमातले उत्तम कूलंट आणून वर लिटरभर बोअरचे पाणी ओतले, तर त्या चांगल्या औषधाचाच गाळ होणार. साध्या पाण्याने जे काम दोन वर्षांत होते, ते कदाचित लवकर उरकेल.

रंगवाल्यांचीच एक पोटशाखा सुट्या कूलंटची आहे. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेले, पोपटी रंगाचे, निम्म्या किमतीचे. त्यात ग्लायकॉल किती, औषध किती, रंग किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. सीलबंद डब्यावर जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकी एएसटीएम डी३३०६ किंवा आपला आयएस ५७५९ यांपैकी काहीतरी छापलेले असते आणि ते खोटे असेल तर निदान दाद मागायला एक पत्ता असतो. बाटलीतल्या पोपटी पाण्याला पत्ता नसतो.

तिसरा पक्ष पाणीपक्षाच्या अगदी उलट टोकाचा. पाणी वाईट ना, मग पाणी नकोच. कॉन्सन्ट्रेट आणा आणि नीट ओता. हौशी पोरांत हा जास्त चालतो, कारण महाग ते चांगले हे त्यांना पटवावे लागत नाही. निव्वळ ग्लायकॉल पाण्याच्या साधारण ६० टक्केच उष्णता उचलते आणि दाट असल्यामुळे बारीक नळ्यांतून जडपणे फिरते. शिवाय त्यातली बरीच औषधे पाण्यात विरघळूनच कामाला लागतात. मर्लिनवाल्यांनीही निव्वळ ग्लायकॉल पुढे सोडले: १९४० च्या सुमाराच्या मर्लिन १२ पासून ७० भाग पाणी आणि ३० भाग ग्लायकॉल अशी रीत आली. ज्यांचे उदाहरण मी पाणीपक्षाविरुद्ध काढले तेच इथे माझ्या बाजूने पुन्हा उभे राहतात, त्याला माझा इलाज नाही. यावर कुणी हुशार गडी विचारील की मग आपणही ३०-४० टक्केच का घालू नये, बर्फ तर नाहीच. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या बाटल्यांतली औषधे साधारण ५० टक्क्यांच्या हिशेबाने भरलेली असतात. एक तृतीयांशाच्या खाली गेले की गंजापासूनचे संरक्षणच पातळ होते. गाडीचे मॅन्युअल ४० ला परवानगी देत असेल तर जरूर घाला, पाणी मात्र डिस्टिल्डच.

हे डिस्टिल्ड पाणी म्हणजे बॅटरीच्या दुकानात मिळते ते. दुकानदाराला ‘बॅटरीचे पाणी’ म्हटले की तो कधी कधी ॲसिडचा कॅन काढतो, तेव्हा लेबल वाचून घ्यावे. ॲसिड रेडिएटरमध्ये गेले तर पुढचा लेख वाचायची गरज उरणार नाही. आरओचे पाणी बोअरपेक्षा बरे, पण क्षारमुक्त नव्हे. बाटलीबंद पाण्यात तर चवीसाठी क्षार कधी कधी मुद्दाम ठेवलेले असतात.

पाणी अजिबात नसलेल्या ‘वॉटरलेस’ कूलंटवर मी फार वेळ घालवणार नाही. ते १८० अंशांच्या आसपास उकळते हे खरे, पण उष्णता कमी उचलते, महाग असते आणि वाटेत कमी पडले तर त्यात पाणी घालता येत नाही. एटापल्लीकडच्या रस्त्यावर होज फुटल्यावर हा गुण आठवेल.

तेव्हा मंडन असे: तयार मिसळलेले, इथिलीन ग्लायकॉलचे, ॲल्युमिनियम इंजिनासाठीचे, सिलिकेट नसलेले, सीलबंद डब्यातले आणि मॅन्युअलमध्ये जो प्रकार सांगितला आहे त्याच प्रकारचे कूलंट. कंपनीचा शिक्का असलेला डबा वॉरंटीत असेपर्यंत घ्यावा, वाद टळतो. नंतर शिक्क्यापेक्षा वरचे मानांकन बघावे. तयार मिश्रणात पाण्याचे पैसे मोजावे लागतात ही तक्रार खरी आहे, आणि पुण्यात राहणाऱ्याने कॉन्सन्ट्रेट घेऊन घरी मिसळले तर मी त्याला अडवणार नाही. इथे मात्र त्या तयार पाण्याचेच पैसे आपण मोजतोय, कारण नेमके तेच इथल्या नळाला नाही. गाडीला लागते अर्ध्या ते सव्वा लिटरच्या मध्ये. एका लिटरच्या डब्यात बहुतेक गाड्यांचे काम होते आणि काहीतरी उरते. ते उरलेले टाकून न देता डब्याला तारीख लिहून ठेवावी, कारण टॉप-अपला तेच हवे. जुन्या पद्धतीचे कूलंट दोनेक वर्षांनी आणि सेंद्रिय आम्लांचे तीन ते पाच वर्षांनी बदलायची रीत आहे. प्रकार बदलायचा असेल तर आधीचे पूर्ण काढून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन.

आणि अडीअडचणीचे काय? भर दुपारी तापमानाचा दिवा लागला, कूलंटच्या टाकीत काही नाही, दुकान आलापल्लीला. तेव्हा तत्त्व सांभाळण्यासाठी इंजिन जाळू नये. गाडी सावलीत बंद करून निवू द्यावी, गरम असताना कॅपला हात लावू नये, मग मिळेल ते स्वच्छ पाणी, हातपंपाचे का असेना, घालून घर गाठावे आणि त्याच आठवड्यात ते काढून टाकावे. पाणीपक्षाशी माझे भांडण त्या एका दिवसाच्या पाण्याचे नाही, पुढच्या दोन वर्षांच्या पाण्याचे आहे. बंद व्यवस्थेत कूलंट पिऊन संपत नसते. दर महिन्याला रिझर्व्ह टाकीची रेघ खाली जात असेल तर कुठेतरी गळते आहे, आणि ते शोधायचे सोडून ओतत राहणे हा औषधाचा उपयोग नव्हे.

आता एक आरोप, जो सगळ्याच पक्षांवर सारखाच लागू आहे. गाडी तापली की सगळे कूलंटकडे बोट दाखवतात. हिशेब करून बघू. कूलंट ९५ अंशांवर आहे. जानेवारीच्या दुपारी बाहेर २५, म्हणजे फरक ७० चा. मे महिन्यात बाहेर ४७, फरक ४८ चा. रेडिएटर उष्णता फेकतो ती या फरकाच्या प्रमाणात. म्हणजे तोच रेडिएटर, तेच कूलंट, तोच पंखा आणि ताकद जवळजवळ तृतीयांशाने कमी. यात आष्टी-आलापल्ली रस्ता मिळवा. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचे. समोरून वारा नाही, ट्रकची तांबडी धूळ मात्र थेट जाळीत. पावसाळ्यात त्याच जाळीत बांधीचा चिखल बसतो आणि ऑक्टोबरात विटेसारखा कडक होतो. पुढच्या चाकामागे वाकून रेडिएटरची खालची चार बोटे पाहिलीत तर पलीकडचा उजेड दिसत नाही. अशा गाडीत स्वर्गातले कूलंट घातले तरी ती तापणारच. मऊ ब्रश आणि साध्या धारेचे पाणी एवढ्यावर हे काम होते. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर पाती आडवी होतात आणि उरलासुरला वाराही बंद होतो.

‘इकडे का बर्फ पडते’ या पहिल्याच युक्तिवादातून थर्मोस्टॅट काढून टाकायची टूम निघाली आहे. “गरम मुलखात थर्मोस्टॅट कायले?” थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडून गेला की तापलेल्या गाडीत त्याची अडवणूक राहतच नाही, काढून मेमध्ये काही हाती लागत नाही. थंडीत मात्र इंजिन तापायला वेळ लागतो, इंजेक्शनवाली गाडी स्वतःला गारच समजून पेट्रोल जास्त ओतते आणि मालक मायलेज पडले म्हणून पंपवाल्यावर संशय घेतो.

काढलेले जुने कूलंट कुठे ओतायचे, यावर मात्र कुठलाच पक्ष बोलत नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते आणि विषारी असते. पोटात गेले की शरीरात त्याचे ऑक्सॅलेट होते आणि मूत्रपिंड निकामी होते. गॅरेजसमोरच्या खड्ड्यात ते ओतले की कुत्रे आणि बकऱ्या तोंड लावतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीतले सुटे कूलंट घरी फळीवर ठेवायचे का, याचा विचार लहान मूल असलेल्या घराने स्वतःच करावा. झाकणाच्या डब्यात भरून, वर लिहून, सर्व्हिस सेंटरला परत देणे एवढे जमण्यासारखे आहे.

शेवटचा पक्ष सर्वांत बलवान आहे, आणि तो कुणी भांडखोरपणे मांडत नाही. तो म्हणतो, एवढे सगळे सांभाळायचे तर स्प्लेंडरच बरी. तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलातल्या संकलन केंद्रावर दोघे-तिघे बसून जायचे, वाटेत सर्व्हिस सेंटर नाही, रेल्वेचे स्टेशन जिल्ह्यात एका वडशाला, गाडी बंद पडली तर छोटा हत्ती बोलवा आणि त्याचे भाडे द्या. अशा वापराला हवेवर थंड होणारे इंजिन हेच शहाणपणाचे, हे मला मान्य आहे आणि त्याचे खंडन माझ्याकडे नाही. पण मासळी घेऊन पहाटे चामोर्शीला पोचायची घाई असलेला किंवा नुसताच वेगाचा शौक असलेला जो पोरगा एनएस किंवा ड्यूक हप्त्यावर घेऊन आला आहे, त्याला स्प्लेंडरचा सल्ला आता उशिराचा आहे. त्याच्या गाडीची किंमत दीड-दोन लाखांच्या घरात, रेडिएटर आणि पंप मिळून हजारांचे बिल, आणि कूलंटचा डबा तीनचारशेचा. पुढच्या वेळी आलापल्लीला किंवा आष्टीला जाणे होईल तेव्हा त्याने दोन लिटर एकदम आणावे.